दगडातला विस्तव आणि साठीनंतरचे रामन

सर चंद्रशेखर वेंकट रामन आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात ते एका परिच्छेदापुरते. डोक्यावर फेटा, २८ फेब्रुवारी १९२८ ही तारीख, रामन परिणाम हे दोन शब्द आणि १९३० सालचं नोबेल पारितोषिक. पाच मार्कांचा प्रश्न सुटतो आणि रामन त्या पानातच राहून जातात. मी तर कला शाखेचा विद्यार्थी. पुढे बँकेत अधिकारी झालो, रात्री कादंबऱ्या लिहिल्या. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध घरच्या विजेच्या बिलापुरता. तरीही गेल्या चार-पाच वर्षांत ज्या माणसाच्या चरित्रात मी सर्वांत जास्त रमलो, ते हेच रामन. त्यांच्यापर्यंत मी पोचलो तो दगडांच्या वाटेने.

त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे असे आहेत, की ज्यांच्याविषयी फारसं बोललं जात नाही. पहिला, सरकारी हिशेबखात्यात अधिकारी म्हणून घालवलेल्या दहा वर्षांचा. दुसरा, साठी उलटल्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांचा. मधला तुकडा जगाचा. हे दोन मात्र, मला वाटतं, तुमच्या-माझ्यासारख्यांचे आहेत. सकाळी डबा घेऊन कचेरीत जाणाऱ्यांचे आणि एके दिवशी हारतुरे घेऊन घरी परतणाऱ्यांचे.

आधी दगडांविषयी सांगायला हवं. आमचा धाराशिव जिल्हा काळ्या दगडाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर पसरत गेला आणि दख्खनचं पठार तयार झालं. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांमध्ये सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि पोकळीच्या आतल्या भिंतीवर एकेक पातळ थर चढत गेला. त्याचा झाला अकीक. बालाघाटाच्या डोंगरात विहीर खणताना, रस्त्यासाठी खडी फोडताना असे गोटे निघतात. शेतकरी त्याला गारगोटी म्हणतो आणि बांधावर भिरकावून देतो. लहानपणी आम्ही दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर आपटून उजेड पाडायचो आणि नाकाशी नेऊन तो जळका वास घ्यायचो. दगडात विस्तव असतो हे ज्ञान तेवढ्यावरच पक्कं झालेलं.

याच गारगोटीचं एक फार जुनं नातं तेर गावाशी आहे. तेर सर्वांना ठाऊक ते गोरा कुंभारांचं गाव म्हणून. पण दोन हजार वर्षांपूर्वी हे तगर नावाचं भरभराटीचं व्यापारी शहर होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने तयार केलेल्या पेरिप्लस या समुद्रप्रवासाच्या पुस्तिकेत पैठण आणि तगर या दोन्ही शहरांची नोंद आहे. पैठणहून अकिकाच्या जातीचा दगड आणि तगरहून नाना तऱ्हेचं कापड गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जात असे. तेरच्या टेकाडांत अकिकाचे मणी सापडत आले आहेत. गावातले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा जुन्या वस्तू जपायचा छंद घेतला. आपल्या व्यवसायाशी ज्याचा काही संबंध नाही असं काम त्यांनी चिकाटीने केलं, म्हणून आज तेरला त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं आहे. तिथले मणी पाहताना मला नेहमी एकच गोष्ट थक्क करते. अकीक एवढा कठीण, की चाकूच्या पात्याचाही त्यावर ओरखडा उठत नाही. अशा दगडाला दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी गोल केलं, गुळगुळीत केलं आणि दोरा ओवता येईल एवढं भोक पाडलं. खंबायतचे कारागीर पुढे हेच काम पिढ्यान् पिढ्या करत आले. गोटा विस्तवात भाजायचा म्हणजे त्याचा रंग तांबडा होतो, म्हशीच्या शिंगाच्या हातोड्याने त्याचे कपचे उडवायचे, मग घासायचं, आणि शेवटी हिऱ्याचं टोक बसवलेल्या सामत्याने भोक पाडायचं.

निवृत्तीनंतर मीही मागच्या पडवीत एक लहानसं यंत्र बसवलं. अर्धा अश्वशक्तीची मोटार, दोन चाकं, वरून पाण्याची बारीक धार. दगड काडीच्या टोकाला लाखेने चिकटवायचा आणि चाकावर धरायचा. आधी जाड भुकटी, मग बारीक, मग त्याहून बारीक आणि शेवटी ओल्या नमद्यावर सेरियम ऑक्साइडची झिलई. मधली एखादी पायरी गाळली, तर ओरखडे शेवटपर्यंत राहतात. घरच्यांना हा उद्योग पहिल्यांदा चमत्कारिक वाटला. आता नातवंडं माळावरून दगड वेचून आणतात आणि रांगेत मांडून ठेवतात.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनात असलेल्या माझ्या भाच्याने एकदा तिकडचे दोन दगड आणून दिले. त्याला तिकडे फायर अ‍ॅगेट म्हणतात. आपण त्याला विस्तवी अकीक म्हणू. अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया आणि उत्तर मेक्सिको हे त्याचं माहेर. वरून पाहिलं तर मातकट तपकिरी ढेकूळ. पण वरचा थर अलगद उतरवत गेलं, की आत निखारा फुंकावा तसे तांबडे, सोनेरी, हिरवे, क्वचित जांभळेही रंग पेटतात. हा दगड करवतीने सरळ कापता येत नाही. आतला रंगीत थर द्राक्षाच्या घडासारखा उंचसखल असतो. त्या चढउतारांना धरूनच घासावं लागतं. म्हणून तयार झालेला प्रत्येक खडा वेडावाकडा, एकसारखे दोन कधी नाहीत. दर दोन मिनिटांनी हात थांबवायचा, दगड पुसायचा, उन्हात धरून बघायचा. कारण रंगाचा तो थर एकदा खरवडला गेला, की खाली राहते ती नुसती तपकिरी माती. पुन्हा काही तो रंग येत नाही.

असा रंग येतो कुठून, हा प्रश्न मला पडला. दगडात लोहाची खनिजं आहेत, पण लोहाचा रंग गंजासारखा. मग हिरवा आणि जांभळा कुठला? उत्तर शोधता शोधता कळलं, की अकिकात खेळणाऱ्या इंद्रधनुषी रंगांवर १९५३ साली बंगळूरच्या एका प्रयोगशाळेतून एक शोधनिबंध निघाला होता. लेखक दोन. एक ए. जयरामन नावाचा तरुण सहकारी आणि दुसरे सर सी. व्ही. रामन. त्या वेळी रामन यांचं वय होतं चौसष्ट-पासष्ट. नोबेल मिळून तेवीस वर्षं झालेली. अशा माणसाला गारगोटीशी काय करायचं होतं? या कुतूहलाने मी त्यांचं आयुष्य मुळापासून वाचायला घेतलं.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळ झाला. वडील गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत. त्यांच्या नोकरीमुळे बालपण विशाखापट्टणच्या समुद्राकाठी गेलं. मुलगा विलक्षण हुशार. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ मध्ये तो पहिल्या क्रमांकाने बी. ए. झाला. प्रकाशाविषयीचा त्याचा पहिला निबंध लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये १९०६ साली छापून आला तेव्हा त्याचं वय होतं अठरा. अशा मुलाने विलायतेला जावं असं शिक्षकांना वाटत होतं. पण सरकारी डॉक्टरने तपासलं आणि तिथली हवा या मुलाच्या प्रकृतीला मानवणार नाही असा निर्वाळा दिला. विलायत राहिली. विज्ञानात पोटापाण्याची सोय नव्हती. तेव्हा घरच्या शहाण्यासुरत्या माणसांनी सुचवावं तेच झालं. रामन वित्तखात्याच्या परीक्षेला बसले, पहिले आले, आणि १९०७ साली लोकसुंदरी यांच्याशी लग्न करून कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले. वय अठरा-एकोणीस. चांगली नोकरी, चांगला पगार, पुढे निवृत्तिवेतन. एखाद्या मध्यमवर्गीय घराला आणखी काय हवं असतं?

इथे त्यांचं चरित्र संपलं असतं. पण कलकत्त्यात ट्रामने जाता-येता बोबाजार रस्त्यावरच्या एका इमारतीवरची पाटी त्यांच्या नजरेला पडली. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली मोठ्या उमेदीने ही संस्था काढली होती. त्यांच्या मागे तिथे व्याख्यानं होत, पण प्रयोगाची दालनं बहुतेक रिकामी असत. रामन आत गेले. आशुतोष डे नावाच्या सहायकाने दार उघडलं, संस्थेचे चिटणीस अमृतलाल सरकार यांनी तोंडभरून स्वागत केलं आणि उपकरणं मोकळी करून दिली. हेच आशुबाबू पुढे पाव शतक रामन यांच्या प्रयोगांत उजव्या हातासारखे राहिले.

त्या दहा वर्षांचा दिनक्रम वाचताना माझ्यातला बँक अधिकारी अवाक होतो. पहाटे साडेपाचला प्रयोगशाळा. पावणेदहाच्या सुमारास घरी येऊन अंघोळ, घाईघाईने चार घास आणि कचेरी. संध्याकाळी पाचला कचेरीतून परस्पर पुन्हा प्रयोगशाळा. रात्री साडेनऊ-दहाला घर. रविवार अख्खा प्रयोगशाळेचा. आम्ही मार्चअखेरच्या ताळेबंदाला दोन-तीन आठवडे असे तास घातले, की महिनाभर त्याचं कौतुक सांगत फिरायचो. हा गृहस्थ दहा वर्षं असा राहिला, आणि हिशेबखात्यातही त्याचं नाव चोख अधिकारी म्हणूनच होतं. मधे बदल्याही झाल्या. १९०९ मध्ये रंगून, १९१० मध्ये आपलं नागपूर. बदलीची नोकरी म्हणजे काय असतं ते ज्यांनी भोगलं आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. नवं गाव, नवं घर, नवे साहेब. त्यात पहिली आहुती पडते ती छंदाची. रामन यांनी ती पडू दिली नाही. १९११ मध्ये कलकत्त्याला परतल्यावर तर त्यांनी प्रयोगशाळेला लागूनच घर घेतलं.

त्या काळातले त्यांचे विषयही पाहण्यासारखे. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा तार नेमकी कशी हलते? वीणेचा आणि तंबोऱ्याचा नाद इतका भरीव का? पुढे मृदंग आणि तबला. चामड्यावरच्या शाईमुळे सूर कसा जुळतो, हे त्यांनी शास्त्राने दाखवून दिलं. घरात लोकसुंदरी वीणा वाजवत. म्हणजे प्रश्न दूरचे नव्हते, कानावर रोज पडणारेच होते. फार किमती यंत्रांची त्यांना गरज पडली नाही. कान, डोळे आणि चिकाटी एवढं भांडवल होतं.

सर आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्ता विद्यापीठातलं पालित प्राध्यापकपद देऊ केलं, आणि १९१७ मध्ये रामन यांनी सरकारी नोकरी सोडली. नव्या जागेचा पगार जुन्याच्या जवळपास निम्मा. त्या पदासाठी परदेशातल्या शिक्षणाची अट होती. ती रामन यांनी मानली नाही आणि विद्यापीठाला ती बाजूला ठेवावी लागली. निम्म्या पगाराची गोष्ट आपण वाचून पुढे जातो. पण त्या संध्याकाळी घरी ती बातमी सांगतानाचा क्षण मला कादंबरीकार म्हणून फार मोठा वाटतो. लोकसुंदरींनी तो निर्णय पेलला, म्हणून पुढचं सगळं घडलं.

१९२१ मध्ये विद्यापीठांच्या परिषदेसाठी ते प्रथमच विलायतेला गेले. परतीच्या प्रवासात नारकुंडा बोटीच्या डेकवरून भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग ते पाहत राहिले. तो आभाळाचं प्रतिबिंब असल्यामुळे दिसतो, असा त्या वेळचा बड्या शास्त्रज्ञाचा समज. रामन यांच्या खिशात एक लहानसा निकोल लोलक होता. त्याने आभाळाच्या प्रतिबिंबाची चकाकी अडवली, तरी पाणी निळंच दिसलं, किंबहुना अधिक निळं. म्हणजे रंग पाण्याचा स्वतःचा होता, पाण्याचे रेणू प्रकाश विखुरत असल्यामुळे आलेला. सप्टेंबर अखेरीला बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा याविषयीचं पत्र नेचर मासिकासाठी तयार होतं. त्याच धाग्याचं दुसरं टोक म्हणजे २८ फेब्रुवारी १९२८. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशातल्या काही किरणांचा रंग बदललेला असतो, हे रामन आणि के. एस. कृष्णन यांना दिसलं. उपकरणांचा खर्च काही शे रुपयांचा. १९३० चं नोबेल आलं. पुढच्या इतिहासात मी शिरत नाही, तो पुस्तकांत आहे.

मोठ्या माणसाचं चरित्र लिहिताना त्याच्या अंगावरचा ओरखडाही दाखवायला हवा. रामन १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात पहिली आलेली कमला भागवत नावाची मराठी मुलगी तिथे प्रवेश मागायला गेली. रामन यांनी नकार दिला. कारण एवढंच, की ती मुलगी होती. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर पाहू, मग ठरवू, अशा अटीवर त्यांना घेतलं. बरोबरीच्या मुलांना अशी अट नव्हती. वर्षभरात त्यांनी काम असं केलं, की रामन यांना प्रवेश कायम करावा लागला आणि पुढे मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं. याच कमलाबाई सोहोनी केंब्रिजहून १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन आल्या. पुढे नीरेच्या पोषणमूल्यावर त्यांनी केलेलं काम प्रसिद्ध आहे. हा अपमान त्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवला, आणि ते योग्यच होतं. समुद्राच्या निळाईत जे कुणाला दिसलं नाही ते ज्याने पाहिलं, त्याला समोर उभ्या मुलीची गुणवत्ता दिसायला वर्ष लागलं.

पुढे १९४० मध्ये रामन यांच्या हाताखाली अण्णा मणी आल्या. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्याच्या कुड्या देऊ केल्या तेव्हा त्याऐवजी ज्ञानकोश मागणारी ही मुलगी. रामन यांच्या प्रयोगशाळेत तिच्या वाट्याला हिरेच आले, पण अभ्यासायला. हिरा आणि माणिक यांच्यातून निघणाऱ्या प्रकाशाचे वर्णपट घ्यायला एकेका काचेवर पंधरा-पंधरा, वीस-वीस तास उजेड पाडावा लागे. ती रात्र रात्र प्रयोगशाळेत राही. एम. एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने तिच्या प्रबंधाला पदवी दिली नाही. पण हवामानशास्त्रात त्यांनी पुढे मोठं नाव मिळवलं. रामन यांच्या आयुष्यात दगडांचा प्रवेश झाला तो असा, हिऱ्यांच्या मिषाने. संचालकपद त्यांना १९३७ मध्येच सोडावं लागलं होतं. प्रशासनात ते अनेकांशी भांडले. स्फटिकांतल्या अणूंच्या कंपनांवरून मॅक्स बॉर्न यांच्याशी झालेला त्यांचा वाद तर पुष्कळ वर्षं चालला. जगाने बॉर्न यांची बाजू स्वीकारली. रामन मात्र आपली सोडायला तयार झाले नाहीत. माणूस हट्टी होता. तोच हट्ट कधी फळाला आला, कधी नडला.

नोव्हेंबर १९४८. रामन साठ वर्षांचे झाले आणि विज्ञान संस्थेतून निवृत्त झाले. माझ्या दृष्टीने इथून खरी गोष्ट सुरू होते. निवृत्तीचा दिवस काय असतो हे मला माहीत आहे. शाल, श्रीफळ, दोन-चार भाषणं. दुसऱ्या दिवशी साडेनऊ वाजता पायात चपला सरकवायची सवय आणि जायला जागा नाही. रामन यांनी ती जागा आधीच तयार करून ठेवली होती. म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर, देणग्या गोळा करत त्यांनी रामन संशोधन संस्था उभी केली. सरकारी पैसा घेतला की सरकारी कागद येतात, हे हिशेबखात्यातल्या जुन्या अधिकाऱ्याला चांगलं ठाऊक असणार. सरकारी अनुदानापासून ते दूर राहिले. सुरुवातीला इमारतीत वीजही नव्हती. मग उन्हाचा झोत आरशाने आत वळवायचा आणि त्यावर प्रयोग करायचे. जगातला नावाजलेला प्रकाशशास्त्रज्ञ साठीनंतर कवडशावर काम करत होता. भारनियमनाची सवय असलेल्या आम्हा मराठवाड्याच्या माणसांना या चित्राचं अप्रूप वाटतं.

त्या कवडशात त्यांनी काय धरलं? दगड. आधी लॅब्रडोराइट नावाचा निळ्या झळाळीचा दगड, १९५० मध्ये. मग ओपल. मग अकीक. त्यानंतर मोती. ज्या वस्तूंकडे बाजारात किमतीसाठी पाहतात, त्यांच्याकडे ते एकाच प्रश्नासाठी पाहत होते. हा रंग इथे आला कसा? इंद्रधनुषी अकिकाची पातळ चकती कापून, दोन्ही बाजू झिलई करून उजेडासमोर धरली, की तिच्यातून सप्तरंग दिसतात. त्या दगडात रंगद्रव्य नसतं. त्याचे थर इतके बारीक आणि एकाआड एक इतके शिस्तीत बसलेले असतात, की एका मिलिमीटरमध्ये शंभराहून अधिक मावतात. त्यांच्यातून जाताना प्रकाश फाकतो. सीडीच्या तबकडीवर रंग दिसतात ते याच जातीचे.

माझ्या विस्तवी अकिकाची रीत थोडी निराळी. तो या अकिकाचा चुलतभाऊ. त्याच्यात सिलिकेच्या थरांमध्ये लोहखनिजाचे अतिशय पातळ पापुद्रे असतात. पापुद्र्यांच्या पृष्ठांवरून परतलेले किरण एकमेकांत मिसळतात, काही रंग एकमेकांना मारतात, काही उजळतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलच्या तवंगावर किंवा साबणाच्या फुग्यावर जे होतं तेच इथे दगडात कायमचं थिजलेलं. पापुद्र्याची जाडी जरा बदलली, की रंग बदलतो. म्हणूनच घासताना तिथे थांबायचं असतं. हे कळल्यापासून चाकावर दगड धरताना माझा हात हलका झाला. दगडाच्या पोटातल्या रंगाला कुणी रंगवलेलं नाही. तो नुसत्या रचनेतून उमटला आहे, आणि ती रचना थेंबाथेंबाने झाली आहे.

रामन यांनी संस्थेत स्वतःचं संग्रहालय मांडलं. स्फटिक, रत्नं, खनिजं, शंखशिंपले, फुलपाखरं. एका अंधाऱ्या दालनात अतिनील प्रकाशाखाली ठेवलेली खनिजं काळोखात हिरवी-केशरी उजळत. आलेल्या शाळकरी मुलांना ते हे सगळं स्वतः दाखवत. १९५४ मध्ये भारतरत्न मिळालं, त्यानेही दिनक्रम बदलला नाही. दर २ ऑक्टोबरला गांधीजींच्या स्मरणार्थ ते व्याख्यान देत. अखेरच्या दशकात बागेतल्या फुलांचे रंग आणि डोळ्याला रंग कसा दिसतो, हा त्यांचा विषय झाला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६८ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना निघालं. त्यातली सगळीच मतं पुढे टिकली नाहीत. पण ऐंशीव्या वर्षी फूल हातात घेऊन ते असं का दिसतं हे विचारणारा माणूस किती जणांच्या पाहण्यात आहे?

त्या प्रश्नातच मला माझ्या पिढीसाठी काही सापडतं. आपल्याकडे छंद म्हणजे वेळ घालवायचं साधन, असं मानायची रीत आहे. नोकरीत असताना त्याला वेळ नाही म्हणायचं आणि निवृत्तीनंतर आता काय उपयोग म्हणायचं. रामन यांनी नोकरीत असताना पहाट दिली आणि निवृत्तीनंतर सगळा दिवस. त्यांच्यासारखी बुद्धी आपल्याला नाही, हे खरंच. पण त्यांची पहाट आपल्याही घरी होते. तेरच्या एका व्यापाऱ्याने टेकाडावरची खापरं आणि मणी जपले, तेव्हा त्याच्यासमोरही कुठलं पारितोषिक नव्हतं. तो जपत राहिला, म्हणून जिल्ह्याला आपला दोन हजार वर्षांचा भूतकाळ हाताशी राहिला.

ऑक्टोबर १९७० मध्ये रामन प्रयोगशाळेतच कोसळले. रुग्णालयातून त्यांनी स्वतःला पुन्हा संस्थेच्या आवारात आणवलं. २१ नोव्हेंबरच्या पहाटे, ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचा अंत झाला. दहन संस्थेच्या बागेतच झालं. तिथे समाधी बांधलेली नाही, झाड लावलेलं आहे.

घरी नातवंडं असतील, तर एखाद्या रविवारी त्यांना तेरला घेऊन जा. संग्रहालयातले मणी दाखवा, विटांच्या त्रिविक्रम मंदिरापाशी थोडं बसा. येताना माळावरची एखादी अर्धपारदर्शक गारगोटी उचला, पाण्यात बुडवा आणि उन्हासमोर धरा. आत थर दिसतील. मुलं विचारतील, हे असं का? उत्तर लगेच देऊ नका. दगड त्यांच्या हातात राहू द्या.